इस्त्रीची पँट आणि डेलचा मका

"माती सुकलीय. मका लाव आजच," असं मी डेलला सांगितलं, तेही उभ्या उभ्या.

मे अर्धा सरला होता. तीन आठवडे पाऊस उघडत नव्हता आणि इलिनॉयमधला जो तो शेतकरी मला फोन करत होता. मी एका बियाणं कंपनीत अ‍ॅग्रोनॉमिस्ट होतो. काय पेरायचं आणि कधी, हे सांगायचा मला पगार मिळे. बॉसचं पालुपद एकच. "जयंत, दर दिवसाला उतारा घटतोय. लोकांना पेरणीचे प्लँटर बाहेर काढायला सांग." मी त्या पावसाला आणि बॉसला, दोघांनाही विटलो होतो.

त्या शनिवारी नेपरव्हिलला मराठी मंडळाच्या नाटकात माझं काम होतं. अंगात इस्त्रीची पँट, गाडीत बायको आणि मुलगी. पण डेलनं बोलावलं होतं, म्हणून वाट वाकडी केली. डेल साठीचा, घरी चाळीस गाई. मक्याचा हिरवा चारा सायलोच्या उंच कोठीत मुरवायचा आणि हिवाळाभर गाईंना घालायचा. मका गेला की गाई गेल्या.

परीक्षा साधी असते. गुडघे टेकायचे, दोन इंच खणायचं, तिथली माती मुठीत दाबायची. भुगा झाला तर पेरायचं, गोळा झाला तर थांबायचं. मी नुसता वाकलो आणि वरची चिमूटभर माती चुरगळली.

"खाली कशी आहे?" डेलनं विचारलं.

"बाबा, वी आर लेट!" मुलगी गाडीतून ओरडली.

"ठीक असेल," मी म्हणालो. "उद्या परत पाऊस सांगितलाय. आज उरकून टाक."

त्यानं उरकलं. दुसऱ्या दिवशी पाऊस आलाच नाही. पुढे तीन आठवडे कोरडा वारा सुटला. खालच्या ओल्या मातीत प्लँटरच्या चकत्यांनी पाडलेल्या चिरा भाजल्या विटेसारख्या टणक झाल्या. रोपं पिवळी पडली. डेलनं एक उपटून माझ्या हातात दिलं. मुळांना खाली जायला वाव मिळाला नव्हता, ती चिरेतच आडवी पसरली होती. मला त्याच्याकडे बघवेना.

"आता?"

"मोडून सोयाबीन लाव. मक्याची वेळ गेली."

नशीब, त्यानं मक्याचं तणनाशक मारलं नव्हतं. नाहीतर सोयाबीनही उगवलं नसतं. ते चांगलं आलं, पण सोयाबीननं सायलो भरत नाही. ऑक्टोबरात विकलेल्या अठरा गाई ट्रकमध्ये चढल्या. मी गेलो होतो. डेल मला एक शब्दही बोलला नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला.

"जय, येऊन जा," तो म्हणाला. "जुनी पँट घालून ये."

रिटायर होईपर्यंत डिकीत एक मळकी पँट ठेवली. नाटक बरं झालं होतं म्हणतात. सल्ला देणाऱ्यानं आधी गुडघे मळवावेत, एवढंच मी शिकलो. त्याची किंमत मात्र डेलच्या गाईंनी मोजली.