बायकांच्या कपाटातला वाचक

चहा घ्या, निवतो आहे. आणि तो संपायच्या आत मला हे सांगून टाकू द्या, कारण आमची ही बाहेर आली की हीच गोष्ट तिच्या पद्धतीनं सांगते आणि त्यात मी आहे त्याहून जास्त मूर्ख दिसतो. माझ्या सांगण्यातही दिसतोच म्हणा. पण जरा कमी.

तर नागपुरात टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. लग्नाला तीन वर्षं झाली होती, महाल भागात दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत मी कारकून होतो. कचेरीत माझी ख्याती काय होती, माहीत आहे? गंभीर माणूस. जेवणाच्या सुट्टीत सगळे पत्ते कुटायचे आणि मी कोपऱ्यात खाकी कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक वाचत बसायचो. आमचे साहेब नव्या लोकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, हा माणूस तत्त्वज्ञान वाचतो. मी कधी नाही म्हटलं नाही.

कव्हरच्या आत काय असायचं, सांगू? हिल स्टेशनवर गाडी बंद पडलेला तरुण डॉक्टर, त्याला छत्री देणारी अनाथ मुलगी आणि तिची दुष्ट मावशी. नाहीतर मग उडता घोडा, सात समुद्र, राक्षस आणि त्याचा पोपटात ठेवलेला जीव. प्रेम आणि जादू, या दोनच गोष्टींवर माझी श्रद्धा होती. ज्यांना हे हलकं वाटतं त्यांनी दिवसभर कचेरीतली आवक-जावक वही लिहावी आणि संध्याकाळी उडत्या घोड्याला नाही म्हणून दाखवावं.

अडचण एकच होती. धरमपेठेतल्या ज्या वाचनालयात ही पुस्तकं मिळायची, तिथं ती 'महिला विभाग' अशी पाटी लावलेल्या कपाटात होती आणि बायकांच्याच कार्डावर मिळायची. मग काय, बायकोच्या नावानं कार्ड काढलं. सौ. सुमन. तिला पत्ताही नाही! दर शनिवारी सायकल हाणत जायचो आणि ग्रंथपाल माईंना सांगायचो, ही कामात असते हो, म्हणून मला पाठवते. माई साठीच्या, जाड चष्म्याच्या, भलत्याच कडक. त्या म्हणायच्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

आता त्या वाचनालयाची एक पद्धत होती. पुस्तक परत करताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहायच्या, त्याशिवाय माई पुढचं पुस्तक द्यायच्या नाहीत. हिनं चिठ्ठी दिली आहे असं सांगून मी खिशातला कागद काढायचो, वहीत उतरवायचो आणि खाली हिचं नाव टाकायचो.

हे अभिप्राय तयार व्हायचे आमच्या स्वयंपाकघरात. ही पोळ्या लाटायची आणि मी पाटावर बसून वाचलेली गोष्ट तिला रंगवून सांगायचो. सुमन उमरेडच्या हातमागवाल्या घरातली, चौथी शिकलेली. लहानपणी मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरता भरता घरातल्या बायकांच्या गोष्टी ऐकलेल्या, त्यामुळे ऐकायची तिला सवय होती. मध्येच एखादं वाक्य टाकायची आणि त्यावरून मला छान काहीतरी सुचायचं. ते मी लिहून काढायचो.

म्हणजे बघा, 'नायिका सत्तर पानं रडते, पण तिला एकदाही भूक लागत नाही.' किंवा, 'नायक डॉक्टर आहे, पण सबंध पुस्तकात त्याच्याकडे एकही पेशंट येत नाही.' किंवा, 'राक्षसाचा जीव पोपटात होता, तर त्या पोपटाला रोज पेरू कोण घालत होतं? त्याची गोष्ट का नाही?' आणि एक तर फारच गाजला. 'परी एका रात्रीत राजकन्येचा शालू विणते. मागावर नुसता उभ्या सुतांचा ताणा लावायला दिवस जातो. लेखकानं माग पाहिलेला नाही.'

बायका पुस्तक घेण्याआधी वही उघडायला लागल्या. सौ. सुमन काय म्हणतात ते बघायचं आणि मग कपाटाकडे जायचं. माईंनी हे मला सांगितलं तेव्हा परतताना सायकल जमिनीला लागत नव्हती. अरे, आपण कारकून कसले, आपण तर समीक्षक!

मध्ये सुमन भावाच्या लग्नासाठी पंधरा दिवस उमरेडला गेली. तेवढ्यात मी एकच कादंबरी वाचली आणि त्यावर पानभर अभिप्राय लिहिला. माझ्या मते माझं सर्वोत्तम लेखन. त्यात मानवी मनाच्या गाभाऱ्यातील चिरंतन तृष्णा होती, कल्पनाविलासाचा सुवर्णकलश होता आणि शेवटी लिहिलं होतं, 'शापामुळे नायिका दोनशे पानं एक शब्दही बोलत नाही आणि हेच स्त्रीचं खरं सौंदर्य आहे.' खाली नाव, सौ. सुमन.

सुमन परत आली, पुन्हा पोळ्या आणि गोष्टी सुरू झाल्या. आणि एका शनिवारी माईंनी हातात निमंत्रणपत्रिका ठेवली. वाचनालयाचा वर्धापनदिन, उत्कृष्ट वाचक म्हणून सौ. सुमन यांचा सत्कार आणि त्यांचे प्रेमकथा व अद्भुतकथांवर दोन शब्द. छापून तयार!

मला ब्रह्मांड आठवलं. म्हटलं, माई, ती फार लाजाळू आहे. माई म्हणाल्या, लाजणारी बाई असं लिहीत नाही. म्हटलं, तिची तब्येत बरी नसते. तर म्हणाल्या, मग मीच येते घरी, भेटते तिला. घरी? मी घाईघाईनं सांगितलं की येईल, नक्की येईल, स्वतः आणतो.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या घरी तीच पत्रिका गेली होती. मिसेस साहेब सौ. सुमनच्या मतांवर पुस्तकं निवडत होत्या म्हणे. साहेब म्हणाले, तुम्ही तत्त्वज्ञानी, पत्नी समीक्षक, काय घर आहे! आम्ही दोघंही येतो. माझ्या पायाखालची फरशी सरकली. माझी अब्रू जाणार होती ती जाऊ द्या, पण चार भिंतींबाहेर कधी न बोललेली ही पोर माझ्या खोटेपणापायी शंभर माणसांत उभी राहणार आणि लोक तिला हसणार. ते काही मला सोसवेना.

शेवटी घरी सगळं कबूल केलं. कार्ड, वही, नाव, सत्कार. ती कणीक मळत होती, मळतच राहिली.

"माह्या नावानं काय काय लिवलं, ते सांगा," एवढंच म्हणाली.

मी आठवतील तेवढे अभिप्राय सांगितले. पेरू, पेशंट, शालू, सगळे. तिनं कणकेचा गोळा झाकून ठेवला.

"बराबर तर हाय. येतो मी."

पण मला धीर कुठला? मी चार पानांचं भाषण लिहिलं आणि पाठ करायला तिच्या हातात दिलं. तिनं बोट ठेवून अर्धं पान वाचलं.

"हे कोनाचं हाय?"

"तुझंच."

"मंग मले काहून समजून नाही राहिलं?"

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं माहेरच्या मागावरची निळी साडी नेसली. निघताना बघतो तर भाषणाचे कागद घडी करून लोणच्याच्या बरणीखाली ठेवलेले. म्हटलं, संपलं.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत साहेब आणि मिसेस साहेब, त्यांच्या शेजारी मी घाम पुसत. माईंनी नाव पुकारलं. सुमन उठली, पदर खोचला आणि माईकपासून हातभर लांब उभी राहिली.

"मी जास्त शिकलेली नाही. पुस्तकं हे वाचतात. मी पोया लाटता लाटता ऐकतो."

साहेबांनी हळूच माझ्याकडे मान वळवली. खाकी कव्हर गेलं! पण मागून कोणीतरी बाई म्हणाली, बघा, बायकोला वाचून सांगतो, आणि सगळ्या हॉलमध्ये बायकांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. मिसेस साहेबांनी तर साहेबांकडे अशा नजरेनं पाहिलं की तेही टाळ्या वाजवायला लागले. तीनच वाक्यांत तिनं मला वाचवलं होतं, तेही खरं बोलून.

मग ती बोलतच गेली. रडणाऱ्या नायिकेची भूक, पोपटाचा पेरू, डॉक्टरचे न आलेले पेशंट. शालू विणायला किती दिवस लागतात ते तिनं हातवारे करून समजावलं तेव्हा लोक पोट धरून हसत होते. तिला नाही हो, तिच्या बोलण्याला. पण तिला या गोष्टी आवडतात का, असं एकीनं विचारलं, तर म्हणाली, "आवडतात ना. गोष्ट खोटी असली तरी चालते, पन त्यातल्या मानसाले भूक लागली पाह्यजे."

मी आ वासून ऐकत होतो. ही तर माझी मतं बोलते आहे, अगदी शब्दाला शब्द. एवढं पाठ कधी केलं हिनं? बघा, त्या क्षणालाही डोक्यात उजेड पडला नव्हता.

शेवटी माई वही घेऊन उठल्या. "सुमनबाई, तुमचा प्रत्येक शब्द आम्हाला पटतो. फक्त एक अभिप्राय सोडून," असं म्हणून त्यांनी माझं ते सुवर्णकलशाचं पान मोठ्यानं वाचलं, न बोलण्यातल्या सौंदर्यापर्यंत. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. "सगळ्या बायका नाराज झाल्या होत्या. तुम्ही असं कसं लिहिलंत?"

सुमननं क्षणभर आठवून पाहिलं. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "तवा मी उमरेडले गेली होती."

आधी माई हसल्या, मग मिसेस साहेब, मग हॉल. साहेब रुमालात तोंड घालून हसत होते. ती मतं खरी कोणाची, हे सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं.

ती भोळेपणानं बोलली की मुद्दाम, हे मला आजतागायत माहीत नाही. परतताना ती सायकलच्या कॅरियरवर सत्काराचा नारळ मांडीत धरून बसली होती. मी म्हटलं, सुमन, आज तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं, फार उपकार झाले. ती म्हणाली, "समोर पाहून चालवा." खरं सांगतो, त्या कपाटानं मला पुष्कळ राजकन्या दाखवल्या, पण पोळपाटापाशी माझ्या घरात कोण बसली आहे हेही त्यानंच दाखवलं. देवाचे आणि त्या दुष्ट मावशांचे आभार.

पुढच्या शनिवारी भीतभीतच वाचनालयात गेलो. माईंनी वही पुढे केली. माझ्या सर्वोत्तम लेखनाखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. हा अभिप्राय सौ. सुमन गावी असतानाचा आहे.'