माझ्या रॅम्पचा सत्कार

मला कोणाचाही हेवा वाटत नाही. (शेजारी सोडून.)

ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहणारी मुग्धा इंजिनिअरिंग शिकते. चाकाची खुर्ची चढावर मागे घसरू नये म्हणून तिने एक खटका तयार केला. त्याला बक्षीस मिळालं आणि आमच्या मराठी मंडळाने लगेच तिचा सत्कार ठरवला. शाल-श्रीफळासकट! मी ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो, मंडळाच्या दारातला रॅम्प मी उभं राहून बांधून घेतला, आणि मला मंडळाने आजवर साधं फूलसुद्धा दिलं नव्हतं.

"तुमाले काहून एवढं झोंबून राहिलं?" बायकोने विचारलं.

"मले? मले तर आनंद झाला!" मी खेकसलो.

सत्काराच्या दिवशी खांद्यावर शाल घेऊन मुग्धाने पडद्यावर शहरातले रॅम्प दाखवले. आधी चांगले, मग बरे. शेवटी "सबसे खतरनाक" म्हणून जो आला, त्याच्या भिंतीवरच्या पाटीवर माझं नाव होतं! सभागृह खो खो हसलं. सुरुवात बायकोने केली.

"काका, बुरा मत मानना," मुग्धा म्हणाली, "एक फूट चढाले बारा फूट लांबी लागते. तुमचा चढ तीन फूट, अन् लांबी फक्त सहा!"

"अवं पोट्टे, याच्यावरून दरसाल गणपतीचा ठेला चढते!"

"हव काका. पण गणपतीले मागून दहा जण ढकलतेत न!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आण तुझी खुर्ची! मी एकटा चढून दाखवतो!"

सगळे बाहेर आले. मी रॅम्पच्या पायथ्याशी खुर्चीत बसलो.

"काका, खटका लावू?"

"राहू दे ते खेळणं!"

दात-ओठ खात मी निम्म्यापर्यंत चढलो. टाळ्या पडल्या. मी त्या स्वीकारायला हात वर केले. (दोन्ही! सत्काराची सवय नसली की असं होतं.) खुर्ची उलटी निघाली, चपलांच्या ढिगावरून उडाली आणि आलुबोंड्यांच्या टेबलावर आदळली. तिथे अध्यक्ष चटणीची चव पाहत होते. मी थांबलो तेव्हा पाय टेबलाखाली होता आणि मांडीवर अध्यक्ष.

घोटा टम्म सुजला. बांधायला काही सापडेना, तेव्हा मुग्धाने खांद्यावरची शाल काढून माझ्या पायाला गुंडाळली.

"घ्या, भेटली शाल!" बायको म्हणाली.

मग मुग्धाने खुर्चीला खटका लावला आणि मला पंख्याखाली न्यायला दहा जणांनी मागून ढकलत त्याच रॅम्पवरून वर चढवलं. गर्दीतून कोणीतरी "मोरया!" ओरडलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधोमध मी! खाली लिहिलं होतं, "मुग्धा आणि तिच्या संशोधनाचे एक लाभार्थी."

घोटा केव्हाच बरा झाला. शाल मात्र मी अजून परत केलेली नाही.