खंडेनवमीला थांबलेला सेल

सोडियमचे सेल आम्ही शर्टाच्या बटणापेक्षा थोडे मोठे बनवत होतो. लिथियमपेक्षा स्वस्त बॅटरी काढायची, एवढंच आमच्या छोट्या प्रयोगशाळेचं काम. प्रयोगशाळा उभी करणारे सर अचानक गेले तेव्हा त्यांच्या हातचा एकच सेल चाचणीच्या यंत्रावर उरला होता. यंत्र त्याला भरायचं, रिकामा करायचं, पुन्हा भरायचं. पडद्यावर रेष चढायची, उतरायची. करणारा माणूस नाही आणि हे चालूच, मला ते बघवत नसे.

सरांच्या पत्नी कन्नड गावाहून फोन करून विचारायच्या, "ताई, चालू हाय ना?" खंडेनवमीला मी त्यांना सेल बघायला बोलावलं.

त्या दिवशी यंत्रं बंद ठेवून पुजायची, हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. सर चाचणीचं यंत्र तेवढं वगळायचे. "याला सुट्टी नाय, दुरून हळदकुंकू टाका," म्हणायचे. नव्या केमिस्ट मुलीला हे ठाऊक नव्हतं. एसटी स्टँडवरून मी वहिनींना घेऊन आले, तर यंत्रावर झेंडूची माळ आणि पडदा काळा.

"मॅडम, पूजेला सगळंच बंद करतात ना?" ती म्हणाली.

वहिनी पडद्याकडं बघत राहिल्या. "दुसऱ्यांदा गेले म्हणायचं."

मी माळ काढायला लागले.

"आज हात नका लावू, ताई."

"सरांनी कधी पाळलं?"

"ते लई पाळणारे!" त्या एवढ्यातही हसल्या.

मी यंत्र सुरू केलं. सेल भरला, रिकामा होऊ लागला. रेष रोजच्या जागी संपली नाही, पुढं गेली. विसावलेला सेल पहिल्या फेऱ्यांना कधी कधी जरा जास्त वीज देतो, मला माहीत आहे. तरी अंगावर काटा आला.

"सुधरला व्हय?"

"नाही वहिनी. पुन्हा उतरत जाईल. एक दिवस संपेल."

"संपला तर सांगू नका. मी इचारीन, तुम्ही हाय म्हणा."

उन्हाळ्यात तो संपला. त्याच्या जागी आता दुसरा सेल आहे. वहिनी विचारतात, मी "आहे" म्हणते. मला खोटं बोलायला फारसा वेळ लागत नाही.

परवा मात्र त्या म्हणाल्या, "इतक्या पटकन कसं सांगता? बघून तरी या."

फोन टेबलावर ठेवला, उठले आणि बघून आले.