पानाची डावी बाजू

आमच्या पानात डावीकडे, चटणीशेजारी, रोज मुलीसाठी एक नवी चव असायची. कधी अंबाडीची भाजी, कधी कारलं. हा तिच्या बाबाचा नेम. तो आधी स्वतः खायचा आणि असं तोंड वेडंवाकडं करायचा की ती हसता हसता खाऊन टाकायची. "कडूची सवय हळूहळू लावावी," म्हणायचा.

तो गेल्यापासून मी नुसता वरणभात वाढते. आणखी कडू कशाला?

आज शेजारच्या काकूंनी कारल्याच्या काचऱ्या दिल्या. मुलीने एक तोंडात टाकली, हुबेहूब त्याच्यासारखं तोंड केलं आणि दुसरी माझ्या पानात डावीकडे ठेवली.

"आई, आता तू."

मी खाल्ली. माझंही तोंड वेडंवाकडं झालं. ती खदखदून हसली; तिला वाटलं, कारल्यानेच.