पिवळी, ठळक, मोठी अक्षरं

रविवारी सकाळी तांबरमच्या घरात पंखा बंद करून मी तोच धडा पुन्हा शूट करत होते. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. घामाने चष्मा घसरत होता आणि खरं सांगायचं तर चॅनल बंदच करावं असं वाटत होतं...

चॅनल आहे मराठी वाचायला शिकवण्याचं. सुरू केलं कमलासाठी. ती खालच्या मजल्यावर राहते, बँकेतून रिटायर झाली आहे. मूळची तंजावरकडची. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण शाळा सगळी तमिळमध्ये झाली. भजनात अभंग म्हणते तेही तमिळ अक्षरांत उतरवून घेतलेले. आईचं छापील मराठी पुस्तक एकदा स्वतः वाचायचं, एवढीच तिची इच्छा. समोर बसून शिकायला लाजते, म्हणून व्हिडिओ.

आमचा चौघांचा ग्रुप आहे, सगळे नवे चॅनलवाले. नीलिमा रेसिपी करते, विनायक गाड्यांबद्दल बोलतो, कमला कोलम, म्हणजे इथली रांगोळी, काढून दाखवते. व्हिडिओ आधी ग्रुपवर पाठवायचा आणि प्रत्येकाने एक तरी चूक सांगायची, हा नियम माझाच. नुसतं 'मस्त' चालणार नाही. टाइप करायचा सगळ्यांनाच कंटाळा, त्यामुळे ग्रुपवर बोलून रेकॉर्ड केलेले मेसेजच चालतात.

विनायकने कळवलं, अक्षरं मोठी करा. केली. नीलिमा म्हणाली, पांढरी उठून दिसत नाहीत, पिवळी करा. केली. मग ठळक केली... प्रत्येक वेळी एडिटिंग पुन्हा पहिल्यापासून. कमलाचा मात्र दर वेळी नुसता अंगठा.

शेवटी माझा पारा चढला. ग्रुपवरच तिला सुनावलं, अंगठ्याला फीडबॅक म्हणत नाहीत. जिच्यासाठी हे चाललंय तीच काही बोलणार नसेल, तर मी थांबते.

थोड्या वेळाने ती स्वतःच वर आली. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग फोनवर माझाच व्हिडिओ लावला. त्यात मी सांगतेय, खाली लिहिलंय ते वाचा आणि तसं करा. खाली सगळ्या सूचना. पिवळ्या, ठळक, मोठ्या अक्षरांत... मराठीत.

"अक्का, हे मला वाचायला येत असतं, तर तुमचा क्लास कशाला?"

आधी का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"तुम्ही रागावता नं. आणि ते दोघं रंगाचं बोलत होते. मला वाटलं, मीच मठ्ठ."

चॅनलचं नावसुद्धा मराठीत. ग्रुपवर लिंक आली नसती, तर तिला ते सापडलंही नसतं. आम्ही तिघे महाराष्ट्रातून आलेले, लहानपणापासून मराठी वाचणारे. आमच्या कुणाच्या डोक्यातही हे आलं नाही.

मग ती तिथेच बसली. सूचना मी सांगायच्या, तमिळमध्ये तिने लिहायच्या. मध्येच उठून तिने पंखा लावला, येऊ दे आवाज म्हणाली. नवा धडा तयार झाल्यावर तिने स्वतःच तमिळ सूचना वाचली, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं... "घर." माझ्याकडे न बघता पुन्हा एकदा वाचलं.

आता जुने सगळे धडे नव्याने करायचे आहेत. पाठ दुखतेय, उत्साहही यथातथाच आहे. पण चॅनल बंद करणार नाही.

कमला, सगळ्यांसमोर एवढं ऐकून घेऊनही जिना चढून आलीस आणि तोंडावर खरं सांगितलंस... तुझे मनापासून आभार.