लाकडी पायाचा मोजा

नऊ मे. दुपारी तीनचा सुमार. अंगणात मोजे धूत होते... म्हणजे एकच मोजा, उजवा. डावा नुसता झटकून दोरीवर टाकायचा, असं माझं वर्षभर चाललं होतं.

आधीच सांगून टाकते, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणा बाईच्या अंगात आलं की मी तिला आधी पाणी देते आणि सकाळपासून काही खाल्लंस का, ते विचारते. तेव्हा मला भोळी समजून पान उलटू नका.

लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि पावसाचा पत्ता नव्हता. मुरुडपासून चार कोसांवर आमचं गाव, टँकर चौथ्या दिवशी यायचा. नवरा नांदेडला नोकरीला, मुलंही तिकडेच शिकायला. घरी मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणायचे. मामा फौजेतले रिटायर्ड हवालदार. डावा पाय गुडघ्याखाली लढाईत गेला, त्या जागी लाकडी पाय. पण शिस्त अशी की दोन्ही बुटांना रोज पॉलिश आणि दोन्ही मोजे रोज धुतलेले.

"लाकडाला घाम येतो का मामा?" मी विचारायचे.

"ऑर्डर म्हणजे ऑर्डर," ते म्हणायचे.

तांब्या-तांब्याचा हिशेब चालू असताना लाकडी पायाचा मोजा कोण धुणार? मी झटकायचे आणि धुतला म्हणून सांगायचे.

त्या दिवशी झटकायला उचलला तर मोजा ओला. घोट्यापर्यंत ओला, थंडगार, आणि विहिरीतला गाळ काढताना येतो तसा वास.

"मामा, पाणी कुठं सांडलं?"

"न्हाई सांडलं."

"मग हा कसा भिजला?"

"पाय भिजला."

"कुठला पाय?"

ते मान वळवून सुपारी कातरत बसले. मी जाऊन रांजण बघितला. पाणी सकाळी होतं तिथंच होतं.

मामा रोज सकाळी शेतात जाऊन तासभर बसायचे. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की बसवून पुरतात. सासूबाईंची समाधी आमच्याच शेतात, बांधाशी. तिच्या डाव्या अंगाला चार हात जागा मामांनी स्वतःसाठी राखलेली. त्याच जागेत बसायचे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बूट उन्हात ठेवून खडखडीत वाळवला, कोरडा मोजा चढवला आणि सोबत गेले. मामा बसले, मी समोर बसले. जमिनीला हात जाईल एवढी भेग पडलेली. घालून बघितला... आत गरम फुफाटा. अर्धा तास मी त्या बुटावरून नजर हलवली नाही. मग काढला. बूट बाहेरून कोरडा, आत मोजा ओला.

तिसऱ्या दिवशी त्यांना बांधाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. मोजा कोरडा. चौथ्या दिवशी मामांना घरीच ठेवून नुसता लाकडी पाय मोज्या-बुटासकट नेला आणि त्यांच्या जागेवर ठेवून बसले. शेजारच्या शेतातला माणूस बराच वेळ बघत होता, बघू दे म्हटलं. तेव्हाही कोरडा. म्हणजे माणूस आणि जागा दोन्ही लागत होतं. यात मला काही लॉजिक सापडेना.

संध्याकाळी मामाच बोलले. "मंगल, कुणाला सांगू नको. गुरुवारी बोअरची गाडी येणार हाय. लोक म्हणतील, हितंच मारा. माझी जागा जाईल."

"मोजा बघून कुणी बोअर मारत नाही मामा."

"तरी शब्द दे."

दिला.

गावाला एकच बोअर मंजूर होता, आणि बोअरवाल्या साहेबांनी खूण केली होती ती महादेवाच्या देवळाजवळ. गुरुवारी सकाळपासून बाया घागरी घेऊन उभ्या. दोनशे फूट गेले तरी नुसती पांढरी भुकटी. ड्रायव्हर धर्माबादकडचा. "पत्थर है मामू, सूखा पत्थर," सरपंचांना म्हणाला आणि पाईप काढायला लागला.

सरपंच म्हणाले, "आता पुढच्या साली."

शेजारच्या गंगाक्कांनी घागर पालथी घातली आणि तिच्यावरच बसल्या. मी शब्द दिलेला, आणि सांगायचं तरी काय होतं?

मामा माझ्याजवळच उभे होते. त्या पालथ्या घागरीकडे बघत राहिले. मग खट-खट करत सरपंचांकडे गेले.

"माझ्या जागेत टाका. समाधीच्या शेजारी. पंचायतीला लिहून देतो."

गर्दीतून कुणीतरी बोललं, "समाधीजवळचं पाणी पिणार कोण, हवालदार?"

"तू नको पिऊ," गंगाक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तुझ्या वाट्याचं मी पिते."

सरपंच माझ्याकडे वळले. "वैनी, तुम्ही शहाण्या. काय भानगड हाय ही?"

मी चारही दिवसांचं सांगितलं, जसं झालं तसं. ड्रायव्हर तेवढा हसला. "मोजा देख के बोर मारूं क्या, अम्मा?" पण सरपंचांनी हात जोडले आणि गाडी शेताकडे वळली.

नव्वद फुटांवर आधी चिखल उडाला, मग पाणी. मी मानेपर्यंत चिखलानं भरले. मामा लांब बांधावर उभे होते, जवळ आले नाहीत.

नंतर मी विचारायचं सोडलं नाही. बोअरवाले साहेब म्हणाले, खडकात फट असते, लागतं एखाद्या ठिकाणी. हे पटलं. लातूरचे डॉक्टर म्हणाले, तोडलेला पाय खाजतो, दुखतो, भिजल्यासारखाही वाटतो. हेही पटलं. "पण मोजा भिजतो का?" मी विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या गुरुवारनंतर मोजा एकदाही ओला निघाला नाही. का भिजत होता, मला आजही माहीत नाही.

पाणी लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप आणि चार खुंट्या घेऊन शेतात गेले. मामा मागून आले. सासूबाईंच्या उजव्या अंगाला मी पहिली खुंटी ठोकली.

"तिकडं दुपारचं ऊन लागतं," मामा म्हणाले.

"मेल्यावर कसलं ऊन मामा? धरा टोक."

त्यांनी टेपचं टोक धरलं.