पान तीनशे बारावरची धाकटी

सूचीताईंच्या माळ्यावर उंदीर आहे, ही बातमी गल्लीत अकरा वर्षं टिकली. तिघांनी सापळे दिले, चौथीनं स्वतःचं मांजर देऊ केलं. सापडलं काहीच नाही. माळ्यावर होता फक्त सुतळीनं बांधलेला बुटांचा खोका, आणि सळसळ त्यातूनच यायची.

ताईंचा धंदा पुस्तकाच्या शेवटी छापतात ती सूची करण्याचा. कोणतं नाव कोणत्या पानावर, त्याची एकेक चिठ्ठी करायची आणि चिठ्ठ्या अकारविल्हे लावायच्या. सवय इतकी जडली की स्वयंपाकघरातही साखर आणि साबण शेजारी शेजारी. त्यांच्याकडे चहाचा पहिला घोट सगळे जपूनच घ्यायचे.

खोक्यातल्या चिठ्ठ्या जगभरच्या वाङ्मयीन चळवळींच्या एका जाडजूड इतिहासाच्या. ताईंनी तो ओळ न् ओळ वाचला आणि त्यांचं मत झालं, की ही सगळी भाऊबंदकीच आहे. स्वच्छंदतावाद्यांनी अभिजातवाद्यांना नावं ठेवायची, वास्तववाद्यांनी स्वच्छंदतावाद्यांना. पुढे दादावाले आले, त्यांनी सगळ्यांनाच वेड्यात काढलं आणि कापलेले कागद पिशवीतून हाताला येतील तसे काढून त्याला कविता म्हटलं. खोक्यात मात्र सगळे गुण्यागोविंदानं पडून.

त्या कामाला चिठ्ठ्या हव्या होत्या. धाकटी बहीण जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. दोघी एकत्र राहायच्या. धाकटी एका गोदामाच्या कचेरीत नोकरीला. तिच्या पलंगाखाली मालाच्या जुन्या पावत्यांचा गठ्ठा निघाला. पुढची बाजू छापील, मागे वरती दोन-चार ओळी खरडलेल्या, खाली सगळं कोरं. पाठकोरा कागद वाया घालवणं ताईंच्या रक्तात नव्हतं, आणि धाकटीचं अक्षर बघायचं बळ नव्हतं. कामाची टिपणं असतील असं स्वतःला सांगून त्यांनी वरचा भाग न वाचताच कात्रीनं उडवला, रद्दीत घातला आणि उरलेल्याच्या चिठ्ठ्या केल्या.

काम तीनशे बाराव्या पानावर आलं. तिथे एका छोट्या चळवळीवर एकच परिच्छेद होता. कचेऱ्यांतल्या काही तरुणी टाकाऊ कागदांच्या पाठीवर कविता लिहायच्या आणि जेवणाच्या डब्यातून एकमेकींना पोचवायच्या. शेवटचं वाक्य होतं, ‘इतरही काही जणी लिहीत होत्या, त्यांचे लेखन आज उपलब्ध नाही.’ ताईंनी पुढची चिठ्ठी उचलली आणि उलटी केली. मागे धाकटीच्या कचेरीची पावती.

रद्दी केव्हाच गेली होती.

त्या दिवशी ताईंनी धंद्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सूचीत धाकटीचं नाव घातलं, पुढे ३१२. त्या पानावर ते नाव नव्हतंच. ‘इतरही काही जणीं’मध्ये ती आहे, हे एकट्या ताईंना ठाऊक. पुस्तक निघालं, खोका माळ्यावर गेला आणि सळसळ सुरू झाली. भर दुपारी कुणी हाक मारल्यासारख्या ताई वर बघायच्या. उंदीर ही आवई त्यांनीच उठवली; गल्ली बिचारी सापळे घेऊन धावली.

मग गेल्या वर्षी संपादकांचा फोन आला. नवी आवृत्ती निघत होती आणि एका चिकट वाचकानं पानावर नसलेलं नाव पकडलं होतं. संपादक भला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, या बाईंची एक तरी ओळ मिळाली तर पानावरच नाव घालू, नाहीतर शुक्रवारी सूचीतून काढावं लागेल.

ताईंनी शिडी लावली.

जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या. बऱ्याचांवर ताईंच्या अक्षराखेरीज काही नाही. पण काहींवर कात्री शेवटच्या ओळीतूनच गेली होती. शिरोरेषा रद्दीत, चिठ्ठीच्या वरच्या कडेला नुसते अक्षरांचे पाय, कुठे उकाराचं शेपूट. तेव्हा त्या रेघोट्या वाटल्या होत्या. ताईंनी चिठ्ठ्या उलट्या करून छापील पावत्यांचे तुकडे जुळवायला घेतले. तीन दिवस जेवण टेबलावर नाही, ओट्यापाशी उभ्यानं. गुरुवारी ‘दादावाद’, ‘प्रतीकवाद’ आणि ‘स्वच्छंदतावाद’ एकाच पावतीचे निघाले. ताईंनी ते तसेच धरून पालटले आणि बिनडोक्याची ओळ बोटानं वाचली.

माझी खुर्ची आत सारू नका, मी अजून उठलेले नाही.

समोरची खुर्ची टेबलाला अगदी चिकटून होती. अकरा वर्षांपूर्वी ताईंनीच ती आत सारली होती.

फोनवर संपादकांनी ऐकून घेतलं, मग चाचरत विचारलं, की अक्षरं अर्धीच आहेत, वाचण्यात चूक नसेल कशावरून?

“पस्तीस वर्षं वाण्याची यादी तिच्या हातची वाचलीय,” ताई म्हणाल्या. “नुसत्या पायांवरून ओळखते. डोकी मीच उडवलीत, तेही छापा हवं तर.”

ते काही त्यांनी छापलं नाही. नाव आणि ओळ मात्र तीनशे बारावर आली.

माळा आता रिकामा आहे. सळसळ थांबलेली नाही. समोरची खुर्ची हातभर बाहेर ओढलेली असते आणि येणारा तिला अडखळतोच. सवयीनं कुणी ती आत सारायला गेलं, की ताई चिठ्ठ्यांवरून मान वर करून “असू दे” म्हणतात, त्याच्याकडे नव्हे, खुर्चीकडे बघत. मग पाहुणा उभ्याउभ्याच चहा घेतो. पहिला घोट जपून.